मॉरिशस : चिपाडाच्या विजेची गोष्ट

गुऱ्हाळावर जाऊन आलेल्या मुलाला विचारा, चुलवाणात काय जळत होते? तो सांगेल, चिपाड. रस काढून झाल्यावर उरलेला उसाचा चोथा उन्हात पसरून वाळवायचा आणि त्याच्याच आचेवर काहिलीतला रस आटवायचा. लाकूडफाटा विकत आणावा लागत नाही. ऊस स्वतःच्या जळणावर स्वतःचा गूळ करून देतो. साखर कारखान्यात या चोथ्याला बगॅस म्हणतात, आणि तोही तिथल्याच बॉयलरमध्ये जातो.

मग पुढचा प्रश्न विचारता येईल. गूळ आणि साखर करून उरलेल्या चिपाडावर एखाद्या देशाला वीज देता येईल का? हिंदी महासागरातले मॉरिशस हे बेट जवळजवळ सत्तर वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधत आहे. त्याची कथा यशाची म्हणून सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. पण ती तिथेच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखे होईल.

आधी बेटाची ओळख करून घेऊ. सगळी बेटे धरून मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा होते तिच्या साडेतीनपटीहून थोडे कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. डच लोकांनी १६३९ साली जावाहून इथे ऊस आणला. हे बेट चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. वादळात फळझाडे मोडतात; ऊस मात्र आडवा होतो आणि पुष्कळदा पुन्हा उभा राहतो. त्यामुळे इतर पिके मागे पडली आणि ऊस टिकला. फ्रेंचांनी त्याची लागवड वाढवली आणि १८१० साली आलेल्या इंग्रजांनी तर बेटच उसाखाली आणले. गुलामगिरी बंद झाली तेव्हा, १८३४ पासून, हिंदुस्थानातून कराराने मजूर नेण्यात आले. त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते. त्यांत भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणाऱ्यांबरोबर कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

या बेटावर कोळसा नाही, तेल नाही, नैसर्गिक वायूही नाही. डोंगरातून उतरणाऱ्या छोट्या नद्या आहेत आणि त्यांच्यावर जलविद्युत केंद्रे बांधून झाली आहेत, पण त्यांतले सर्वांत मोठे शाँपान्य केंद्रसुद्धा ३० मेगावॉटच्या आसपासचे आहे. शिवाय बेटाची वीज बेटापुरती असते. महाराष्ट्रात वीज कमी पडली तर ती छत्तीसगडातून किंवा गुजरातेतून घेता येते. मॉरिशसच्या तारा समुद्रकिनाऱ्यावर संपतात. तिथे प्रत्येक क्षणी जेवढी मागणी, तेवढी वीज त्याच बेटावर तयार व्हावी लागते. पुढे जे जे घडले त्यामागे ही अडचण आहे, म्हणून ती लक्षात ठेवू.

वीजपुरवठ्यासाठी तिथे १९५२ साली केंद्रीय विद्युत मंडळ स्थापन झाले. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, सेंत आंत्वान नावाच्या साखर कारखान्याने आपल्याकडची थोडी जादा वीज मंडळाला विकली. चिपाडाची वीज कारखान्याच्या कुंपणाबाहेर गेली ती पहिल्यांदा तेव्हा. मोठा गाजावाजा व्हावा असे त्यात काही नव्हते. शिल्लक राहिली, विकली.

ही शिल्लक इतकी थोडी का होती, याचे कारण मोठे गमतीदार आहे, आणि वर्गात सांगण्याजोगे आहे.

एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो चिपाड निघते. त्यात निम्मे पाणी असते. (हे पडताळून पाहायचे असेल तर रसवंतीवरून किलोभर ताजे चिपाड आणून वजन करा, चार दिवस कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा तोला. मुलांना आकडा सांगण्यापेक्षा हे करून घेणे चांगले.) पाणी असल्यामुळे तीन-साडेतीन किलो ओले चिपाड जाळावे तेव्हा कुठे एक किलो चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते. तरीही कारखान्याची गरज भागून ते उरते. आता उरलेल्या चिपाडाचे करायचे काय? ते हलके, फुगीर, पेट घेणारे. त्याचे ढीग साठवायला जागा लागते आणि राखायला माणसे लागतात. म्हणून जुन्या काळी जगभरातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर मुद्दामच उधळे ठेवलेले असत. चिपाड वाचवणे हा त्यांचा हेतूच नव्हता. ते संपवणे हा होता. बॉयलर हा निम्मा बॉयलर आणि निम्मा उकिरडा जाळण्याचा हौद असे.

वाफेचा दाब वाढवला की चित्र बदलते. साखर कारखान्याला रस आटवण्यासाठी जी वाफ लागते ती फार दाबाची लागत नाही; वातावरणाच्या दोन-तीन पट दाब पुरतो. बॉयलरमध्ये वाफ वीसपट दाबाने तयार केली, तर वीसपासून तीनपर्यंत उतरताना ती टर्बाइन फिरवून थोडी वीज देते आणि मग रसाखाली जाते. तीच वाफ ८२ पट दाबाने आणि सव्वापाचशे अंश सेल्सिअस तापमानाला तयार केली, तर तिला उतरायला फार मोठा उतार मिळतो. धबधब्याची उंची वाढवावी तसे हे आहे. पाणी तेवढेच, पण काम जास्त. कमी दाबाच्या कारखान्यात टनामागे दहा-वीस युनिट वीज उरत असे. नव्या पद्धतीत शंभराहून अधिक युनिट उरू लागली. ऊस तोच आणि चिपाडही तेवढेच.

एवढे कळल्यावर कारखानदारांनी लगेच मोठे बॉयलर बसवले असतील असे वाटेल. तसे झाले नाही. विज्ञान माहीत होते, यंत्रे विकत मिळत होती, तरी १९५७ नंतर वीस-पंचवीस वर्षे फारसे काही हलले नाही. उसाचा हंगाम जून-जुलैला सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुमारास संपतो. सहा महिनेच वीज देणाऱ्या माणसाला मंडळ काय भाव देणार? मंडळाला तर बारा महिने दिवे लावायचे असतात. चिपाडाची वीज हंगामात मिळाली तरी उरलेल्या महिन्यांसाठी तेलावरचे केंद्र बांधावेच लागते, मग चिपाडाच्या विजेने वाचले ते फक्त तेल, केंद्र नव्हे. म्हणून भाव कमी, आणि भाव कमी म्हणून नवा बॉयलर परवडत नाही. तिढा इथे होता, आणि तो भट्टीत नसून कागदावर होता.

हा तिढा सोडवण्यासाठी मॉरिशसने विजेचे तीन प्रकार मानले. उरली तेव्हा दिली, ही पहिली. तिला सर्वांत कमी भाव. संपूर्ण गळीत हंगामभर न चुकता दिली, ही दुसरी. तिला बरा भाव. वर्षभर ठरल्याप्रमाणे दिली, ही तिसरी. तिला सर्वांत चांगला भाव, कारण तिच्यामुळे मंडळाचे एक केंद्र बांधायचे वाचते. बारमाही विजेचा भाव ठरवताना हिशेब असा केला, की मंडळाने स्वतः तेलावरचे केंद्र उभारले असते तर युनिट केवढ्याला पडले असते. तेवढा खर्च टळला म्हणजे तेवढी त्या विजेची किंमत. साधे वाटते, पण इतक्या साध्या गोष्टीवर एकमत व्हायला वर्षे लागली. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचे दर आणि त्यांवरचे वाद ज्यांनी वर्तमानपत्रांतून वाचले असतील, त्यांना हे नवे वाटणार नाही.

आता मुख्य अडचण. हंगाम सहा महिन्यांचा, मग बारमाही वीज द्यायची कशी? त्यांनी उत्तर काढले ते असे : हंगामात चिपाड जाळायचे आणि हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये आयात केलेला कोळसा. दोन्ही इंधने चालतील असा बॉयलर घ्यायचा. १९८० च्या दशकात फ्लाक भागातल्या एका मोठ्या कारखान्यात असे केंद्र सुरू झाले. त्या वेळी कुणाला हे वावगे वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. १९७३ आणि १९७९ च्या तेलाच्या भाववाढीने देश पोळला होता, रुपयाचे अवमूल्यन करावे लागले होते. कोळसा तेलापेक्षा स्वस्त होता आणि दक्षिण आफ्रिका जवळ होती. हवामानबदल हा शब्द तेव्हा मंत्र्यांच्या भाषणात येत नव्हता. परकीय चलन वाचवणे हे धोरणाचे उद्दिष्ट होते.

१९८५ आणि १९८८ च्या कायद्यांनी साखर धंद्याची घडी नव्याने बसवली. वीजनिर्मितीत पैसा घालणाऱ्याला करात सवलत मिळाली. १९९१ साली चिपाड-ऊर्जा विकास कार्यक्रम आला. जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधी यांनी त्याला मदत दिली. त्या मदतीचा मुख्य भाग एका ठरावीक कारखान्यातल्या नमुनेदार केंद्रासाठी होता आणि ते केंद्र शेवटपर्यंत उभे राहिलेच नाही! पण भाव आणि नियम जाहीर झालेले असल्याने इतर कारखान्यांनी आपापले बॉयलर सुधारले, आणि १९९२ मध्ये सुमारे ७ कोटी युनिट असलेली चिपाडाची वीज १९९६ पर्यंत १२ कोटींच्या जवळ पोहोचली. एखाद्या योजनेतली मुख्य इमारतच उभी न राहता योजना यशस्वी झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. पुढे २००० साली बेल व्यू येथे प्रत्येकी ३५ मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. वर सांगितलेला ८२ पट दाब तो हाच. २००७ साली दक्षिणेकडे साव्हान येथे तसेच मोठे केंद्र झाले.

या काळातली आणखी एक गोष्ट मला विजेपेक्षाही महत्त्वाची वाटते. चिपाड कुणाचे? ऊस शेतकऱ्याचा, गाळप कारखान्याचे. शेतकऱ्याला साखरेचा आणि मळीचा भाव मिळतो. चिपाड आजवर कचरा होते, त्यामुळे त्याचा हिशेब कुणी ठेवलाच नव्हता. कचऱ्याला किंमत आली तेव्हा भांडण उभे राहणारच. मॉरिशसने १९८५ मध्ये चिपाडाच्या मोबदल्याचा एक निधी केला, त्यातून ऊस उत्पादकांना वाटा मिळू लागला. आणि १९९४ साली एक चतुर सौदा झाला : साखरेवरचा निर्यातकर सरकारने रद्द केला, त्या बदल्यात कारखाना कंपन्यांचे २० टक्के भाग शेतकरी आणि कामगार यांच्या एका विश्वस्त संस्थेला मिळाले. बेल व्यूच्या वीज कंपनीतही तिचा हिस्सा होता. ज्यांचे आजे-पणजे कराराने बांधले जाऊन या शेतांत राबले होते, ते कागदोपत्री का होईना, कारखान्याचे भागीदार झाले. वाटा पुरेसा होता का? छोटे शेतकरी अनेक वर्षे म्हणत राहिले की नव्हता.

त्याच सुमारास दुसरी किंमतही मोजली जात होती. मोठा बॉयलर परवडायला मोठे गाळप लागते, म्हणून छोटे कारखाने बंद करून ऊस मोठ्यांकडे वळवण्याचे धोरण आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. १९७० च्या दशकात २१ राहिले. आज ३ आहेत. २००१ पासून हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवले गेले.

आता गोष्टीची दुसरी बाजू पाहू.

१९९९ साली मॉरिशसमध्ये भीषण दुष्काळ पडला. नेहमी सहा लाख टनांच्या आसपास होणारी साखर पावणेचार लाख टनांच्याही खाली आली. ऊस नाही म्हणून चिपाड नाही. पाऊस नाही म्हणून नद्यांवरची वीजही नाही. देशाच्या दोन्ही स्वच्छ विजा एकाच आकाशाकडे पाहत होत्या. अशा वेळी बॉयलर बंद ठेवता येत नाही, करार बारमाही विजेचा असतो. मग कोळसा.

आणि दुष्काळ नसतानाही हेच होत होते, फक्त हळूहळू. विजेची मागणी दरवर्षी वाढत होती. पर्यटन, कापडगिरण्या, वातानुकूलन, सगळे वाढत होते. पण ऊस तेवढाच होता. नव्या शतकाच्या सुरुवातीला चिपाडाची वीज ३० कोटी युनिटांपर्यंत गेली, हे मोठेच यश. परंतु त्याच केंद्रांत जळणाऱ्या कोळशाची वीज तिच्याही पुढे गेली होती. चिपाडाने दार उघडले आणि कोळसा आत आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कागदावर मात्र ही केंद्रे बराच काळ साखर धंद्याची केंद्रे म्हणूनच ओळखली जात.

चिपाड जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघत नाही असे नव्हे. निघतोच. पण तो उसाने आदल्या वर्षी हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या वर्षीचा खोडवा पुन्हा घेतो. हवेतली बेरीज फारशी बदलत नाही. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो परत खाली जात नाही. एकाच धुराड्यातून जूनमध्ये आणि जानेवारीत निघणारा धूर दिसायला सारखा, पण त्याचा हिशेब वेगळा. (उसाला घातलेले खत आणि वाहतुकीचे डिझेल हे धरले तर चिपाडाचा हिशेबही अगदी शून्य येत नाही.)

विशेष म्हणजे हवामानबदलाबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास १९९२ साली मान्यता देणारा मॉरिशस हा जगातला पहिला देश. जगाच्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा दहा हजारांत एक एवढाच आहे. तो उद्या शून्य झाला तरी समुद्राची पातळी एका केसाइतकीही थांबणार नाही. तरी हा देश आग्रही आहे, कारण समुद्र त्याच्या दाराशी आहे आणि इंधनाचे बिल त्याच्या खिशावर. छोट्या बेटांच्या बाबतीत ही दोन कारणे वेगळी काढता येत नाहीत.

२००८ साली 'शाश्वत मॉरिशस बेट' अशा अर्थाचा फ्रेंच नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तेल आणि कोळशावर छोटासा अधिभार बसवून त्याचा निधी केला. घरावर सौर बंब बसवणाऱ्याला अनुदान दिले. २००९ च्या दीर्घकालीन धोरणात २०२५ पर्यंत ३५ टक्के वीज नवीकरणीय असेल असे ठरले. २०१४ मध्ये बांबू गावाजवळ १५ मेगावॉटचे सौर केंद्र झाले, नंतर ईशान्येला पवनचक्क्या आल्या. रॉड्रिग्ज बेटावर तर अशा पवनचक्क्या आहेत, की चक्रीवादळाची सूचना मिळाली की त्यांचा खांब दोरांनी खाली उतरवून जमिनीवर आडवा करून ठेवता येतो. उसाने शिकवलेला धडा म्हणायचा!

त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १०० मेगावॉटच्या निव्वळ कोळशाच्या केंद्राचा प्रस्तावही पुढे होता. लोकांनी विरोध केला, २०१३ साली उपोषण झाले, सरकारने ऊर्जा आयोग नेमला, आणि अखेर तो प्रकल्प बारगळला. देशात स्वच्छ विजेवर खुली चर्चा झाली ती खरी तेव्हा. तोवर हा विषय मंडळ, कारखानदार आणि मंत्रालय यांच्यातला होता.

२०२० साली तेलाने वेगळ्याच रीतीने दर्शन दिले. २५ जुलै रोजी वाकाशिओ नावाचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळखडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १००० टन इंधन तेल खाजणात सांडले. तेल अडवायला लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या आणि त्यांत उसाचे पाचट भरून ते तरंगते बांध पाण्यात सोडले.

दुसऱ्या वर्षी, २०२१ मध्ये, सरकारने २०३० पर्यंत ६० टक्के नवीकरणीय वीज आणि कोळसा पूर्ण बंद असे लक्ष्य जाहीर केले. प्रत्यक्षात २०२३ साली नवीकरणीय विजेचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी होता, आणि २०२५ चे ३५ टक्क्यांचे उद्दिष्ट हुकले. सौर वीज वाढत आहे, तारांचा डोलारा सावरायला मोठ्या बॅटऱ्याही बसल्या आहेत. पण चिपाड घटते आहे. का?

याचे उत्तर साखरेच्या बाजारात आहे. १९७५ च्या करारानुसार युरोप मॉरिशसची पाच लाख टनांच्या आसपास साखर चढ्या आणि ठरलेल्या भावाने घेई. २००६ पासून चार वर्षांत युरोपने तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, आणि २००९ मध्ये तो करारच संपला. ऊस परवडेनासा झाला. ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेल्या, एकर-दोन एकरांच्या तुकड्यांत यंत्र चालत नाही, तोडणीला माणसे मिळत नाहीत, आणि शेतकऱ्यांची मुले शिकून शहरात नोकरी करतात. हजारो छोट्या शेतकऱ्यांनी जमीन पडीक टाकली. उसाखालचे क्षेत्र १९७० च्या दशकात होते त्याच्या निम्म्याच्या आसपास उरले आहे. एकेकाळी, १९७३ मध्ये, सात लाख टनांवर गेलेली साखर आता अडीच लाख टनांच्या आसपास असते.

तेव्हा सरकारला पुन्हा चिपाडाच्या भावाकडे वळावे लागले. २०२१ मध्ये शेतकऱ्याला मिळणारा चिपाडाचा मोबदला बराच वाढवला गेला. साखरेसाठी नाही तर निदान विजेसाठी तरी त्याने ऊस लावावा, असा हा हिशेब. बेल व्यूला शेतातले पाचटही गोळा करून जाळतात. बॉयलर जुनेच आहेत. डिसेंबरच्या आसपास शेवटची मोळी गव्हाणीत पडते, दोन-चार दिवसांत चिपाडाचा ढीग संपतो आणि मग बंदरातून आलेला कोळसा आत जाऊ लागतो. ऊस कमी निघाला, की तो दिवस तेवढा लवकर येतो.